काही झालं नाही, साचलं

मागच्या महिन्यात एक छोटं भाषांतराचं काम आलं होतं, चारच पानांचं. शिसं शरीरात गेलं की काय होतं ही माहिती कुणालाही कळेल अशा भाषेत हवी होती. म्हटलं एका संध्याकाळचं काम आहे. दुसऱ्याच परिच्छेदात 'क्युम्युलेटिव्ह' हा शब्द आला आणि मी तिथेच बसून राहिले. कोशात संचयी, एकत्रित, साकलिक असे सगळे इस्त्री केलेले शब्द. 'शिशाचा परिणाम संचयी स्वरूपाचा असतो' असं लिहिलं, मोठ्याने वाचलं, खोडलं. हे वाक्य वाचून कोणती आई आपल्या पोराला खिडकीचा शिसं असलेला जुना रंग नखाने खरवडताना थांबवणार आहे? मग लिहिलं, 'शिसं शरीरात साचतं.' आणि पुढे गेले.

दोन दिवसांनी संपादकांचा मेसेज. बाकी सगळं छान, फक्त 'साचतं' जरा घरगुती वाटतंय आणि खरं सांगायचं तर थोडं घाणेरडंही, 'साठतं' केलं तर चालेल का?

एका अक्षराचा तर फरक. एरवी मी 'हो, करा' म्हणून मोकळी झाले असते, एका अक्षरासाठी कोण भांडत बसणार. पण हात थांबला, कारण 'साठतं' चुकीचं आहे हे मला माहीत होतं आणि का चुकीचं आहे हे सांगता येत नव्हतं. आपल्या भाषेच्या बाबतीत असं फार वेळा होतं, उत्तर आधी येतं आणि कारण मागून धापा टाकत येतं.

मग दोन्ही शब्द घेऊन बसले. पैसे साठतात. धान्य साठतं. धरणात पाणी साठतं, पण रस्त्यावर पाणी साचतं. हे वाक्य लिहिल्यावर मला एकदम बरं वाटलं, कारण पाणी तेच, पाऊसही तोच, आणि तरी सहसा कुणी मराठी माणूस ही दोन क्रियापदं उलटी लावणार नाही. धरणात पाणी यावं अशी कुणाची तरी इच्छा असते, भिंत बांधलेली असते, मोजमाप चालू असतं. रस्त्यावर ते कुणी बोलावलेलं नसतं. साठण्याच्या मागे कुठेतरी साठवणारा उभा असतो, 'साठवण', 'साठा', आणि अगदी 'साठेबाज'सुद्धा त्याच घरातले. साचण्याला असा कुणी माणूसच नाही. 'साचवणं' असं रूप भाषेत आहे, नाही असं नाही, पण रोजच्या बोलण्यात ते किती कमी येतं बघा. धूळ साचते, मळ साचतो, कचरा साचतो, गाळ साचतो, इस्त्रीचे कपडे साचतात, उत्तर द्यायचे मेल साचतात. कुणी केलं? कुणीच नाही. फक्त कुणी काही केलं नाही एवढंच झालं.

'जमणं' तर वेगळंच. माणसं जमतात, गर्दी जमते, मैफल जमते, गणित जमतं, दोघांचं जमतं. त्यात एकमेकांच्या ओढीने जवळ येणं आहे, म्हणून तो शब्द आनंदी आहे. गर्दी साचली असं कुणी म्हणालं तर लगेच चेंगराचेंगरीच्या आधीचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आणि 'तुंबणं' म्हणजे साचण्याला वाट मिळत नाहीये हे सगळ्यांना कळलं आहे ती अवस्था. थोडक्यात, साचणं हे तुंबण्याच्या अलीकडचं आहे, अजून कुणाच्या लक्षात न आलेलं.

शब्द कुठून आला तेही शोधलं, कारण एकदा खाजवायला लागलं की मला थांबता येत नाही. जुन्या छापील पुस्तकांत तो 'सांचणें' असा असतो, डोक्यावर दोन टिंबं घेऊन. न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले, आणि बरंच झालं म्हणा, आमच्या पिढीला ती टिंबं झेपली नसती. पण त्या पहिल्या टिंबात 'संचय' मधला 'सं' बसलेला होता. तो पुसला गेला तसा साचणं आणि संचय यांचं नातंही दिसेनासं झालं. आता एक जण ऑफिसात बसतो आणि एक मोरीत.

मूळ धातू 'चि', म्हणजे गोळा करणं, रचणं. त्याची मुलंबाळं पाहिली तर चक्रावायला होतं. संचय, संचित, उपचय, अपचय हे तर आहेतच. विटांवर विटा रचून वेदी करायची ते अग्निचयन. फुलं वेचायची तेही चयन आणि आता निवड समितीवाले हिंदीत करतात तेही चयन, म्हणजे गोळा करणं आणि त्यातून निवडणं हे दोन्ही एकाच मुळातून. भिंतीत चिणणं हेही तिथलंच. आणि लाकडावर लाकूड रचून करतात ती चिता. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले.

(साचा आणि साचेबद्ध यांच्यात मी शिरत नाही हो. आणि संतांच्या भाषेतलं 'साच' म्हणजे खरं, ते सत्यातून आलेलं. मलाही क्षणभर मोह झाला होता साचलेलं तेच साच वगैरे काहीतरी लिहायचा. टाळला.)

या शब्दाची मला आवडलेली खरी गंमत त्याच्या काळात आहे. आठवून बघा, तुम्ही हा शब्द कधी वर्तमानात वापरता का? 'धूळ साचतेय' असं शेवटचं कधी म्हणालात? आपण म्हणतो 'केवढी धूळ साचलीये!' कपाटाच्या वर हात फिरवला, बोट काळं झालं, मग म्हणालो. म्हणजे क्रिया पूर्ण झाल्यावर, आणि वर ते उद्गारचिन्ह, जणू कुणी आत्ताच येऊन टाकून गेलं. 'साचतं' असं म्हणतो तेव्हा नियम सांगत असतो, 'इथे दर पावसात पाणी साचतं'. 'साचेल' म्हणतो ते ताकीद देताना. माझी आई कामांच्या बाबतीत कायम म्हणायची, 'अगं साचू देऊ नये, साचलं की बघवत नाही.' तिचा रोख भांड्यांवर असायचा, पण 'बघवत नाही' हे अगदी नेमकं आहे. साचत असताना दिसत नाही आणि साचल्यावर बघवत नाही, मधे कुठे बघायची जागाच नाही.

ही जागा का नाही यावर ग्रीक लोकांनी फार जुना घोळ घालून ठेवलाय. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात युब्युलिडीस नावाचा एक तर्कपंडित होता, त्याच्या नावावर हे कोडं सांगतात. एक दाणा म्हणजे ढीग नाही. दोनही नाहीत. ढीग नसलेल्याला एक दाणा जोडून काही ढीग होत नाही. मग ढीग कधीच व्हायला नको, पण समोर तर ढीग आहे. ग्रीकमध्ये ढिगाला सोरोस म्हणतात, म्हणून त्या कोड्याचं नाव सोरायटीस. तत्त्वज्ञानवाले यावर अजून भांडतात, त्यांना भांडू दे. मला त्यात आपले मराठी शब्द आठवले. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. म्हणजे बोटं, मग एक हात, मग दोन हात. तोपर्यंत आपण वस्तूला हाताने ओळखतो. ओंजळीच्या पुढे हात संपतात आणि एकदम ढीग. त्या पुढच्या शब्दांत पुन्हा काय भेद केलेत बघा, हवीशी असेल तर रास, नीट रचलेली असेल तर चवड किंवा चळत, पडून विखुरलेला असेल तर खच, कोसळून झाला असेल तर ढिगारा. पण ओंजळ आणि ढीग यांच्या मधे शब्द नाही. तिथे फक्त एक क्रियापद काम करत असतं, कुणी बघत नसताना.

तर मूळ मुद्दा, शिसं. ते एकदम मारत नाही हाच त्याचा वाईटपणा. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. रक्तातलं शिसं अर्धं व्हायला साधारण महिनाभर लागतो, हाडांतलं मात्र अनेक दशकं राहतं. आणि मग गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडं झिजायला लागली की तेच जुनं शिसं परत रक्तात येतं. लहानपणी चाटलेला रंग साठाव्या वर्षी भेटायला येतो म्हणजे. आता याला 'साठतं' कसं म्हणणार? साठवलेलं लागेल तेव्हा काढता येतं. हे त्याला हवं तेव्हा निघतं.

आयुर्वेदात यासाठी फार चांगली मांडणी आहे आणि मी ती त्या चार पानांत घुसवू शकले नाही याचं मला वाईट वाटतं. सुश्रुताने रोगाच्या सहा अवस्था सांगितल्यात, संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. आपण ज्याला आजार म्हणतो, म्हणजे ताप आला, सूज आली, नाव देता आलं, ती पाचवी अवस्था, व्यक्ती. आपल्या लेखी जिथे सुरुवात होते तिथे त्याच्या लेखी चार पायऱ्या होऊन गेलेल्या असतात. आणि पहिल्या पायरीवर दोष कुठे पसरत वगैरे नाही, आपल्याच जागी वाढत असतो. ऋतूंचं गणितही तसंच, पित्ताचा संचय पावसाळ्यात आणि प्रकोप शरदात, कफाचा संचय थंडीत आणि त्रास वसंतात. म्हणजे ज्या ऋतूला आपण शिव्या देतो तो बिचारा नुसता पावती फाडणारा, बिल मागच्या ऋतूचं असतं. वैद्यकशास्त्र म्हणून याची आजच्या मोजमापात किती किंमत होईल तो वेगळा विषय, पण न दिसणाऱ्या काळाला स्वतंत्र नाव देऊन त्याला पहिल्या क्रमांकावर बसवणं हे मला विचार म्हणून फार मोठं वाटतं.

'साचतंय' असं खऱ्या अर्थाने वर्तमानकाळात म्हणालेला एक माणूस मात्र मला सापडला. चार्ल्स डेव्हिड कीलिंग, एक अमेरिकी शास्त्रज्ञ. 1958 मध्ये त्याने हवाई बेटावर मौना लोआ नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा आकडा होता हवेच्या दहा लाख भागांत साधारण 315 भाग. हा वायू दरवर्षी खाली-वर होतो, कारण उत्तर गोलार्धात झाडांना पालवी फुटली की ती तो ओढून घेतात आणि थंडीत परत सोडतात, त्यामुळे आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. एक वर्ष पाहिलं तर वाटेल, वर गेलं खाली आलं, फिट्टमफाट. पण दरवर्षीची करवत आधीच्या वर्षीपेक्षा जराशी वर टांगलेली. हे दिसायला काही वर्षं न चुकता मोजत बसावं लागतं, आणि अशा कंटाळवाण्या मोजणीला पैसे द्यायला कुणालाच उत्साह नसतो, कीलिंगला निधीसाठी वारंवार भांडावं लागलं. 2013 च्या मे महिन्यात तिथला दिवसाचा आकडा पहिल्यांदा 400 च्या वर गेला आणि जगभर बातम्या झाल्या. 400 हा आकडा गोल होता म्हणून. 399 आणि 400 मध्ये हवेच्या दृष्टीने काय फरक? पण आपल्याला ढीग झाल्याची घोषणा लागते. कीलिंग ती ऐकायला नव्हता, तो 2005 सालीच गेला. आता आकडा 420 च्या वर आहे.

यावर लगेच कुणीतरी म्हणेलच, साचण्यात चांगलं काहीच नाही का, 'थेंबे थेंबे तळे साचे' आहे की! आहे ना. साचण्याचं आख्ख्या मराठीत एवढंच काय ते कौतुक. आणि आपण ती म्हण वापरतो बचतीसाठी, म्हणजे जिथे खरं तर साठवणं आहे. शाळेत मला ती म्हण निबंधाच्या पहिल्या ओळीत घालायची सवयच होती. आता वाटतं की ती म्हण बचतीबद्दल नसावीच. थेंबांनी तळं करायचं ठरवलेलं नसतं. खोलगट जागा असते, थेंब पडत राहतात, बस. बचतीचं गणितही थेंबांसारखं चालत नाही, चक्रवाढीत पैसा पैशाला जन्म देतो, 7 टक्क्यांनी रक्कम 10 वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. धुळीला धूळ होत नाही. ती बिचारी एकेक कणच येते, आणि तरी पुरते.

आता ते सांगते जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं आणि मग शिसं नि कीलिंग करत बसले.

माझी एक मैत्रीण होती, आहे, काय म्हणायचं ते कळत नाही. अठरा वर्षांची ओळख. भांडण झालं नाही. एकदाही नाही. फोन आधी रोज होता, मग आठवड्याने, मग 'अगं किती दिवसांनी', मग वाढदिवसाला, मग वाढदिवसालाही मेसेज आणि त्यातही केकचं चित्र. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात समोरासमोर आलो आणि मी धीर करून विचारलंच, की बाई गं, आपल्यात नेमकं झालं तरी काय? ती बराच वेळ हातातल्या ग्लासकडे बघत होती. मग म्हणाली, "काही झालं नाही गं. साचलं."

मला तेव्हा राग आला. वाटलं हे काय उत्तर झालं, एखादी तरी गोष्ट सांग, अमुक दिवशी तू असं बोललीस, तमुक वेळी आली नाहीस, म्हणजे मला माफी तरी मागता येईल किंवा भांडता तरी येईल. तिने एकही उदाहरण दिलं नाही. मी घरी येऊन स्वतःच यादी करायला बसले. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी फोन केला होता पण गेले नव्हते. तिने नवीन नोकरीचं सांगितलं तेव्हा मी अर्ध्यात माझ्या ऑफिसचं सुरू केलं. तिच्या एका मोठ्या मेसेजला मी अंगठा पाठवला. एकेक घेतलं तर इतकं फुटकळ की कुणाला सांगितलं तर तोच म्हणेल, 'एवढ्यावरून?' आणि तिच्याकडूनही अशा दहा-वीस गोष्टी निघाल्या, माझ्या बाजूला पडलेल्या, ज्या मला तोपर्यंत लागल्याच नव्हत्या. त्यातली कुठलीही एक बाहेर काढली तरी ढीग तेवढाच राहतो, हे त्या ग्रीकाचं कोडं उलट्या बाजूने. म्हणून तिला उदाहरण देता आलं नसणार. द्यायचं नव्हतं असं नाही, देण्यासारखं सुटं काही नव्हतंच.

आपल्याला 'काय झालं?' हा एकच प्रश्न येतो. डॉक्टर विचारतात, पोलीस विचारतात, आई विचारते, आणि त्या प्रश्नाला घटना हवी असते, तारीखवार. पण 'मनात साचलंय' हे आपण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून देतच नाही, ते फार तर नंतर, बरंच रडून झाल्यावर येतं. आणि समीक्षकांचा तो 'साचलेपण' शब्द, ते म्हणजे नवं येणं बंद झालंय हे सांगायची सभ्य रीत. आमच्यात साचलंही होतं आणि साचलेपणही आलं होतं, आणि माझ्या मते आधी दुसरं आलं. वाहतं असतं तर पहिलं टिकलं नसतं. बोलणं चालू असताना अशा गोष्टी कितीदा झाल्या असतील, वाहून गेल्या.

डार्विनचा एक प्रयोग मला सारखा आठवतो या संदर्भात. उत्क्रांतीचा नाही, गांडुळांचा. 1842 मध्ये त्याने घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि वाट बघितली. 29 वर्षं! 1871 मध्ये तिथे चर खणला तर खडूचा पांढरा थर जमिनीखाली 7 इंचांवर सापडला. बघणाऱ्याला वाटेल खडू आपोआप खाली गेला. खरं तर गांडुळं खालची माती खाऊन वर आणून टाकत होती, चिमूट चिमूट, आणि खडूखालची माती त्याच्या डोक्यावर येऊन बसली होती. खडूला कुणी ढकललं नव्हतं.

संपादकांना मी मोठा मेसेज लिहिला, धरण आणि रस्त्याचं उदाहरण देऊन, आणि शेवटी लिहिलं की शब्द थोडा घाणेरडा आहे हे मान्य, पण शिसंही काही फार स्वच्छ नाही. त्यांनी हसणारा चेहरा पाठवला आणि 'साचतं' ठेवलं. छापील प्रत परवा आली.

त्यातलं ते पान मी फोटो काढून तिला पाठवलं, खाली काहीच न लिहिता. आधी अंगठा आला. मला वाटलं, चला, फिटलं. मग पाचेक मिनिटांनी वर 'टायपिंग' दिसायला लागलं, थांबलं, परत दिसायला लागलं. शेवटी आलं ते एवढंच, "तिसऱ्या ओळीत 'हाडांत' वर अनुस्वार राहिलाय बघ."

खरंच राहिलाय.

मी लगेच फोन केला, अनुस्वारावरून भांडायला.